हिवतापाच्या गोळीचे गुणधर्म व पूर्ण मात्रेचे महत्त्व

भाताच्या आवणीचे दिवस व हिवतापाचे दिवस आमच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत बहुधा बरोबरच येतात. ज्या पंधरवड्यात घरातील प्रत्येक हात खाचरात हवा, त्याच पंधरवड्यात एक माणूस घोंगडी पांघरून कुडकुडत पडतो व दुसरा त्याच्या उशाशी बसतो. पैसेवारीच्या पाहणीस आम्ही या दोन्ही तालुक्यांत पुष्कळ वर्षे हिंडलो. एकाच बांधाच्या दोन अंगांस एक शेत वेळेवर लावलेले व दुसरे पंधरा दिवस मागे पडलेले, असे अनेकदा दृष्टीस पडे. कारण विचारता, "घरात ताप होता," एवढेच उत्तर मिळे. पैसेवारीच्या नमुन्यात तापाचा रकाना नाही. परंतु उत्पन्नात त्याची वजावट झाल्यावाचून राहत नाही.

या तापावर औषध आहे, ते गुणकारी आहे, आणि सरकारी आरोग्य केंद्रात ते विनामूल्य मिळते. असे असूनही तोच ताप त्याच घरात फिरून का येतो? याचे एक मोठे कारण हे की, ताप उतरला म्हणजे दुखणे गेले असे आपण समजतो व उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देतो. ही समजूत का चुकीची आहे ते औषधाचे रसायन समजून घेतल्यावाचून नीट ध्यानात येत नाही. सबब या लेखात त्या रसायनाचा शेतकरी बंधूंस उपयोगी पडेल इतका विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

रोगाचे मूळ

हिवताप हा खराब हवेने, थंड पाण्याने किंवा काकडी खाल्ल्याने होत नाही. त्याचे कारण एक अतिसूक्ष्म जंतू होय. सन १८८० मध्ये अल्जीरिया देशात लाव्हराँ नामक फ्रेंच लष्करी डॉक्टरने तो माणसाच्या रक्तात प्रथम पाहिला. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांस तो अॅनाफिलीस जातीच्या डासाच्या पोटात आढळला, व हा रोग डासांच्या द्वारे पसरतो या शोधाचा मार्ग मोकळा झाला.

डास चावला म्हणजे हे जंतू प्रथम माणसाच्या यकृतात जाऊन राहतात व तेथे वाढतात. नंतर ते रक्तात उतरून तांबड्या रक्तकणांत शिरतात, त्यांतील द्रव्य खातात, व रक्तकण फोडून बाहेर पडतात. असे पुष्कळ रक्तकण एकदम फुटले म्हणजे थंडी वाजून ताप भरतो. ताप हा रक्तातील खेळ होय, परंतु जंतूचे एक बिऱ्हाड यकृतातही असते, ही गोष्ट वाचकांनी पक्की ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिजवर अवलंबून आहे.

आपल्याकडे या जंतूच्या दोन जाती मुख्यत्वे आढळतात. एकीस व्हायवॅक्स म्हणतात. हिचा ताप पुष्कळदा एक दिवस आड येतो. माणूस अशक्त होतो, पण दगावण्याचा संभव कमी. दुसरी फॅल्सिपेरम. ही घातक होय. हिचा ताप मेंदूपर्यंत पोचून थोड्या दिवसांत प्राणावर बेतू शकतो. दोहींचा आरंभ सारखाच असल्यामुळे नुसत्या तापावरून कोणती जात आहे हे सांगता येत नाही, आणि दोहींची औषधे मात्र निराळी आहेत. म्हणून औषधापूर्वी रक्ताची तपासणी हवी.

सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख डासांस सोयीचा आहे. भातसा, काळू, शाई या नद्या व त्यांस मिळणारे असंख्य ओहोळ, पाऊस उघडल्यावर त्यांत राहणारी डबकी, आणि नुकतीच आवणी झालेली उघड्या पाण्याची खाचरे यांत अॅनाफिलीसची पैदास होते. रोपे वाढून पाणी झाकले गेले म्हणजे खाचरातील पैदास पुष्कळ कमी होते. उन्हाळ्यात दुसरा प्रकार. तानसा, मोडकसागर व भातसा ही मुंबईस पाणी पुरविणारी धरणे शहापूर तालुक्यात असली, तरी त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांस चैत्र-वैशाखात पाणी साठवून ठेवावे लागते. आणि उघडी टाकी व पिंपे हेही डासांचे माहेरघरच होय.

क्विनाइन

हिवतापावरील पहिले खरे औषध दक्षिण अमेरिकेतील सिंकोना नामक वृक्षाच्या सालीतून मिळाले. साल पूर्वीपासून वापरात होती. परंतु तिच्यातील गुणकारी द्रव्य पेलेत्ये व काव्हाँतू या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी सन १८२० मध्ये निराळे काढले. तेच क्विनाइन. याच्या एका रेणूत कर्बाचे २०, हायड्रोजनचे २४, नत्राचे २ व प्राणवायूचे २ परमाणू असतात. ही पांढरी, बिनवासाची, अत्यंत कडू अशी भुकटी असून ती पाण्यात फारच थोडी विरघळते. हे द्रव्य क्षारधर्मी असल्यामुळे अम्लाशी त्याचा संयोग होऊन लवण तयार होते. औषधात ही लवणेच वापरतात. सौम्य गंधकाम्लात विरघळविलेले क्विनाइन उन्हात धरिले असता निळसर झाक मारते. हा त्याच्या ओळखीचा जुना कस होय.

गेल्या शतकाच्याही मागे, सन १८६० नंतर, इंग्रज सरकारने निलगिरी व दार्जिलिंग येथे सिंकोन्याची लागवड केली. आपल्या इलाख्यात महाबळेश्वराजवळ लिंगमळा येथेही तो प्रयोग झाला, परंतु तो सफल झाला नाही. सन १८९२ पासून बंगालमध्ये क्विनाइनच्या पुड्या पोस्टात अल्प किमतीस विकण्याची पद्धत सुरू झाली व पुढे ती इतरत्र पसरली. आमच्या वाडवडिलांच्या बोलण्यात "कोयनेल" हा शब्द येई, तो या पुडीचा.

क्विनाइनने ताप हटतो. तथापि ते कित्येक दिवस दिवसातून अनेक वेळा घ्यावे लागते, व त्याने कानांत गुणगुण होते, मळमळते आणि चक्कर येते. त्यामुळे हल्ली ते पहिल्या पसंतीचे औषध राहिले नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे जरूर आहे. क्विनाइन कडू, म्हणून कडू तेवढे तापावर गुणकारी, असे मानून काडेकिराईत, कडूनिंब वगैरेंच्या काढ्यावर कित्येक विसंबून राहतात. जंतू कडूपणाने मरत नाही. तो मरतो तो द्रव्याच्या विशिष्ट रासायनिक घडणीमुळे. कडू चव ही त्या घडणीची केवळ सोबतीण होय. काढा घ्यावयाचा त्याने घ्यावा, परंतु त्यासाठी रक्ततपासणी एक दिवसही लांबणीवर टाकू नये.

क्लोरोक्विन

क्विनाइन जावा बेटातून येई. सन १९४२ मध्ये ते बेट जपानने घेतले, तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या फौजांस क्विनाइनची टंचाई पडली आणि कृत्रिम औषधांच्या शोधास जोर आला. त्यांत पुढे आलेले क्लोरोक्विन हे मूळचे जर्मनीतील. आंडरझाग नामक रसायनज्ञाने ते सन १९३४ मध्येच तयार केले होते, परंतु विषारी समजून ते बाजूस पडले होते. महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत त्याची फिरून परीक्षा झाली व मग ते सर्व जगात पसरले.

क्लोरोक्विनच्या रेणूत कर्बाचे १८, हायड्रोजनचे २६, नत्राचे ३ व क्लोरीनचा १ परमाणू आहे. प्राणवायू मुळीच नाही. गोळीत त्याचे फॉस्फेट लवण असते. हे पांढरे, कडू व पाण्यात सहज विरघळणारे आहे. २५० मिलिग्रॅम फॉस्फेटात मूळ औषध १५० मिलिग्रॅम भरते. म्हणून गोळीच्या वेष्टनावर हे दोन आकडे पाहून वाचकांनी घोटाळ्यात पडू नये.

हे औषध जंतूस कसे मारते, ते मोठे मनोरंजक आहे. जंतू रक्तकणातील हिमोग्लोबिन खातो. खाऊन उरलेला लोहयुक्त भाग जंतूस स्वतःस विषारी असतो. म्हणून तो त्याचे काळसर कण बनवून निरुपद्रवी करून टाकितो. ही क्रिया जंतूच्या ज्या पिशवीत होते तेथे अम्लता असते. क्लोरोक्विन क्षारधर्मी असल्यामुळे अम्लाच्या ठिकाणी जाऊन अडकून राहते व तेथे त्याचा साठा होतो. मग ते त्या विषारी भागाचे कण बनू देत नाही. गोठ्यातील शेण उचलणेच बंद पाडले तर जनावराची जी दशा होईल, ती जंतूची होते. तो आपल्याच उष्ट्याच्या विषाने मरतो.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली ही की, क्लोरोक्विन काम करते ते रक्तकण खाणाऱ्या जंतूवर. यकृतात निजलेला जंतू रक्तकण खात नाही, म्हणून त्यास या औषधाचा उपद्रव होत नाही. दुसरी ही की, साठा पुरेसा झाला तरच जंतू मरतो. मोठ्या माणसास सरकारी पद्धतीप्रमाणे पहिल्या दिवशी ४, दुसऱ्या दिवशी ४ व तिसऱ्या दिवशी २ गोळ्या देतात, त्या हा साठा भरून यावा म्हणून. बहुतेकांचा ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतो. परंतु त्या वेळी जंतू मेलेले नसून नुसते कमी झालेले असतात.

प्रायमाक्विन

व्हायवॅक्स जातीचे काही जंतू यकृतात निजून राहतात व कित्येक आठवड्यांनी, कधी सहा-आठ महिन्यांनीही जागे होऊन रक्तात उतरतात. नवा डास न चावताही ताप फिरून येतो तो यामुळे. शेतकऱ्यास याची उपमा शोधावयास दूर जाणे नको. लव्हाळा विळ्याने कापला तर शेत चार दिवस स्वच्छ दिसते. पण गाठ जमिनीत शाबूत असल्यामुळे पावसाची एक सर येताच तो पुनः डोके वर काढतो. क्लोरोक्विन हा विळा होय. गाठ खणून काढणारे औषध निराळे आहे, व त्याचे नाव प्रायमाक्विन.

हे नारिंगी-तांबड्या रंगाचे द्रव्य सन १९४० नंतरच्या काळात अमेरिकेत तयार झाले व कोरियाच्या युद्धातून परतणाऱ्या सैनिकांस सन १९५० नंतर मोठ्या प्रमाणावर दिले गेले. व्हायवॅक्सच्या रोग्यास ते दररोज एकदा याप्रमाणे १४ दिवस घ्यावे लागते. मोठ्या माणसाची नेहमीची मात्रा दररोज १५ मिलिग्रॅम आहे. बहुतेकांचा धीर सुटतो तो येथेच. तिसऱ्या दिवशी माणूस उठून कामास लागतो. मग उरलेले अकरा दिवस गोळी कशास, असे त्यास वाटते. परंतु तेच अकरा दिवस पुढील आवणीचे पंधरा दिवस वाचवितात.

प्रायमाक्विन आपल्या मनाने मात्र कोणी घेऊ नये. कित्येक माणसांच्या रक्तकणांत जी-सिक्स-पी-डी नामक द्रव्याची उपजत उणीव असते. काही आदिवासी जमातींत तिचे प्रमाण अधिक आढळले आहे. अशा माणसास प्रायमाक्विन दिले असता रक्तकण फुटू लागतात. लघवी काळपट होणे, डोळे पिवळे पडणे, ओठ निळसर होणे यांपैकी काहीही दिसल्यास गोळी तत्काळ बंद करून दवाखाना गाठावा. गर्भवती स्त्रीस व एक वर्षाच्या आतील मुलास हे औषध देत नाहीत.

फॅल्सिपेरम व दवण्याच्या जातीची वनस्पती

एके काळी फॅल्सिपेरमवरही क्लोरोक्विन चालत असे. परंतु अपुऱ्या मात्रा व औषधाचा सरसकट वापर यांमुळे जे जंतू औषधास दाद देत नाहीत तेवढे मागे उरले व त्यांचीच वीण वाढली. अशा जंतूंच्या पिशवीच्या पडद्यात असा बदल झालेला असतो की, आत आलेले क्लोरोक्विन तो बाहेर घालवितो. मग साठाच होत नाही. आपल्या देशात असा जंतू प्रथम सन १९७३ मध्ये आसामातील कार्बी आंगलाँग जिल्ह्यात आढळला, व नंतर तो देशभर पसरला. कीटकनाशक पातळ करून फवारल्यास नाजूक कीड मरते व चिवट कीड उरते, आणि पुढील हंगामात सगळी चिवटच निपजते. येथील प्रकार याहून वेगळा नाही.

फॅल्सिपेरमवर हल्ली जे औषध देतात ते चीन देशातून आले. थू यूयू नामक संशोधक बाईंनी जुन्या चिनी वैद्यकग्रंथांचा आधार घेऊन एका वनस्पतीतून सन १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन हे द्रव्य वेगळे काढले. त्याबद्दल त्यांस सन २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही वनस्पती आपल्या दवण्याच्या गोत्रातील आहे. मात्र चैत्रात देवास वाहतो त्या दवण्याने हिवताप जात नाही, हे सांगून ठेवितो. आर्टेमिसिनिनच्या रेणूत प्राणवायूचे दोन परमाणू एकमेकांस जोडून झालेला एक पूल असतो. जंतूने खाल्लेल्या रक्तातील लोहाशी गाठ पडताच हा पूल तुटतो व त्यातून निघणारे प्रखर घटक जंतूचा नाश करितात. हे औषध फार जलद काम करिते, पण शरीरात फार वेळ टिकत नाही. म्हणून ते एकटे न देता टिकाऊ अशा दुसऱ्या औषधाच्या जोडीने तीन दिवस देतात. सन २०१० पासून आपल्या देशात फॅल्सिपेरमच्या सर्व रोग्यांस जोड औषध देण्याचे धोरण आहे. शिवाय प्रायमाक्विनची एक मात्रा देतात. ती रोग्यापासून डासाकडे जाणारे जंतू मारण्यासाठी होय.

हलगर्जीपणाची किंमत

सन १९४७ च्या सुमारास आपल्या देशात दरसाल अंदाजे साडेसात कोटी लोकांस हिवताप होई व सुमारे आठ लाख मरत. सन १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली. घरोघर डीडीटी फवारले गेले, पुढे रक्ताचे नमुने घेणेही सुरू झाले, आणि सन १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या सुमारे एक लाखावर आली. रोग गेला असे समजून सर्वत्र ढिलाई झाली; डासही डीडीटीस सरावले. परिणाम असा की, सन १९७६ मध्ये रोग्यांची संख्या ६४ लाखांवर गेली. पुढे पुनः पुष्कळ कष्टांनी ती खाली आणावी लागली. जे एका रोग्याच्या शरीरात घडते, तेच या आकड्यांत देशाच्या शरीरात घडलेले दिसते.

जमीनदार शेतकऱ्याचे कर्तव्य

हे सर्व आम्ही विशेषेकरून जमीनधारक वाचकांसाठी लिहीत आहोत. आवणीस आलेल्या मजुरास ताप भरला असता फडताळातील दोन गोळ्या त्याच्या हातावर ठेवून "घे, उद्या उठशील" असे म्हणण्याची चाल आपल्याकडे आहे. हेतू दयेचा असतो. परंतु त्या दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, ताप तेवढा दबतो, आणि रक्ततपासणी टळते. तो ताप फॅल्सिपेरमचा असेल तर या दिलेल्या दोन दिवसांत माणूस हातचा जाऊ शकतो. व्हायवॅक्सचा असेल तर तोच मजूर दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेल्यावर तेथे आजारी पडतो, आणि त्याच्या रक्तातील जंतू तेथील डासांस व शेजाऱ्यांस मिळतो. मजुराचे दुखणे बांधापाशी थांबत नाही. ज्या डासाने त्यास चावले तोच रात्री आपल्या ओटीवर येतो.

यास्तव पुढील नियम प्रत्येक घरी पाळावेत.

१. थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी आशा कार्यकर्ती, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र येथे रक्त तपासून घ्यावे. झटपट तपासणीच्या पट्टीने निकाल थोड्या मिनिटांत कळतो.

२. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये. घेतल्यापासून अर्ध्या तासात उलटी झाल्यास आरोग्य कार्यकर्त्यास सांगून मात्रा पुनः घ्यावी.

३. ताप उतरला तरी सांगितलेले सर्व दिवस गोळी घ्यावी. चौदा दिवसांच्या औषधासाठी दिनदर्शिकेवर चौदा खुणा कराव्या व दररोज एक खोडावी.

४. मजुरास रजा देताना औषधाचे दिवस मोजून द्यावी. तो गाव सोडून जात असल्यास उरलेल्या गोळ्या व तपासणीचा कागद त्याच्याबरोबर द्यावा.

५. एकाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत. मुळात गोळ्या उरणे हेच औषध अपुरे घेतल्याचे चिन्ह होय.

६. गोळ्या कोरड्या जागी, उजेडापासून व विशेषतः मुलांपासून दूर ठेवाव्या. क्लोरोक्विनच्या एक-दोन गोळ्यांनीही लहान मुलाच्या जिवास धोका होतो.

७. तापात बरळणे, झटके येणे, शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या होणे किंवा लघवी फार कमी होणे अशी लक्षणे दिसल्यास गोळीची वाट न पाहता रोग्यास मोठ्या दवाखान्यात हलवावे. तेथे आर्टेसुनेट हे औषध सुईने देतात.

८. औषधयुक्त मच्छरदाणीत निजावे; पाण्याची पिंपे झाकावी व आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करावी.

बियाणे, खत व औषध यांची मात्रा शेतात आपण मोजून घालतो. कमी पडली तर पीक बसते, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. माणसाच्या औषधाचा हिशेबही तसाच आहे. यंदा ज्या घरी ताप आला असेल त्या घरच्या कर्त्या माणसाने आजच फडताळ उघडून पाहावे. तेथे गोळ्या उरल्या असतील तर ज्याच्या त्या असतील त्यास बरोबर घेऊन आरोग्य केंद्रात जावे व पुनः रक्त तपासून घ्यावे.